काठावरचे विद्यार्थी : सज्जतेची गुणरेषा कशी आखली जाते

अमेरिकेत सॅट परीक्षेत गणिताला ५३० गुण मिळाले की विद्यार्थी महाविद्यालयासाठी सज्ज मानला जातो. ५२० मिळाले तर नाही. वाचन आणि लेखनाच्या भागात हीच रेषा ४८० वर आहे. दोन्ही भागांची पट्टी २०० ते ८०० अशी आहे. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने या आकड्यांचा अर्थही जाहीर केला आहे. गणितात ५३० गुण असलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात बीजगणित, संख्याशास्त्र किंवा कॅल्क्युलस अशा एखाद्या विषयात 'सी' किंवा त्याहून वरची श्रेणी मिळण्याची शक्यता ७५ टक्के असते. व्याख्या स्वच्छ आहे, पण दुसऱ्यांदा वाचली की तिच्यातले प्रश्न दिसू लागतात. 'सी'च का, 'बी' का नाही? ७५ टक्केच का, साठ किंवा नव्वद का नाही? पहिले सत्रच का, पदवी का नाही? आणि बरोबर रेषेवर उभ्या असलेल्या चौघांपैकी एक घसरणार हे ठाऊक असताना चौघांनाही सज्ज म्हणायचे, ते कशाच्या आधारावर?

पुढील पानांचा विषय हाच आहे. परीक्षा कशी घ्यावी, प्रश्न कसे काढावेत, कॉपी कशी रोखावी यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. परीक्षा झाल्यावर गुणांच्या पट्टीवर एका ठिकाणी बोट ठेवून 'इथून वरचे पुढे, इथून खालचे मागे' असे जे ठरवले जाते, त्याबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा निर्णय कोण घेते, कोणत्या पुराव्यावर घेते, आणि तो चुकला तर त्याची किंमत कोण भरते? या प्रस्तावनेतले म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. आकडेमोड कितीही चोख असली, तरी रेषेची जागा शेवटी माणसेच निवडतात. म्हणून त्या निवडीचा हिशेब त्यांच्याकडे मागता आला पाहिजे.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत उघडा प्रयोग अमेरिकेत झाला, म्हणून उदाहरणे बहुतेक तिथली आहेत. तिथल्या परीक्षामंडळांनी आपल्या रेषा कशा काढल्या हे छापून ठेवले आहे, संशोधकांनी त्या तपासल्या आहेत, आणि राज्यांनी त्या बदलल्याही आहेत.

सॅट पहिल्यांदा १९२६ मध्ये घेतली गेली. तिची घडण मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांच्या हातची. तिची स्पर्धक एसीटी १९५९ मध्ये आयोवात सुरू झाली, एव्हरेट लिंडक्विस्ट यांच्या पुढाकाराने. दोन्ही परीक्षांचे मूळ काम उमेदवारांची क्रमवारी लावणे हे होते. जागा थोड्या आणि इच्छुक फार, तेव्हा कोणाला आधी घ्यायचे हे ठरवण्यासाठी क्रमवारी पुरते. वरून मोजत यायचे आणि जागा संपल्या की थांबायचे. तिथे जी रेषा दिसते ती जागांच्या संख्येतून आपोआप पडते. यंदा ती इथे, पुढच्या वर्षी दुसरीकडे.

सज्जतेचा प्रश्न निराळा आहे. त्यात शेजारच्या मुलाला किती मिळाले याला महत्त्व नाही. या मुलाला पुढचा अभ्यास झेपेल का, एवढेच विचारायचे असते. हा प्रश्न तातडीचा झाला तो बारावी झालेली बहुसंख्य मुले कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जाऊ लागली तेव्हा. विशेषतः कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे दोन वर्षांची, स्वस्त आणि सर्वांना खुली असलेली सार्वजनिक महाविद्यालये, प्रवेश कोणालाच नाकारत नाहीत. प्रवेश मिळे, पण आत गेल्यावर लाखो मुलांना सांगितले जाई की तुमचे गणित किंवा इंग्रजी कच्चे आहे, आधी पूर्वतयारीचे वर्ग करा. या वर्गांची फी भरावी लागे, पण पदवीसाठी त्यांचे क्रेडिट धरले जात नसे. शाळेने उत्तीर्ण ठरवलेले मूल महाविद्यालय अपुरे ठरवत होते. दोघांच्या मधल्या जागेत एक रेषा हवी आणि ती मुलाला शाळेत असतानाच कळावी, अशी मागणी त्यातून आली. एसीटीने २००५ मध्ये आपल्या सज्जतेच्या रेषा जाहीर केल्या. २०१० मध्ये आलेल्या 'कॉमन कोअर' या सामायिक अभ्यासमानकांनी तर 'महाविद्यालय आणि व्यवसायासाठी सज्ज' हेच शालेय शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून लिहून टाकले.

रेषा आखण्याच्या रीती मुख्यतः दोन.

पहिली रीत जाणकारांच्या निवाड्याची. अनुभवी शिक्षकांना एका खोलीत बसवायचे. त्यांनी काठावरचा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणायचा, म्हणजे जेमतेम पात्र असलेला, एक पाऊल मागे गेला तर अपात्र ठरेल असा. मग एकेक प्रश्न वाचून सांगायचे की अशा शंभर विद्यार्थ्यांपैकी किती जण याचे उत्तर बरोबर देतील. सगळ्या प्रश्नांच्या अंदाजांची बेरीज आणि सगळ्या परीक्षकांची सरासरी काढली की रेषा हाती येते. ही पद्धत विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाते. जगभरच्या वैद्यकीय आणि व्यावसायिक परीक्षांत आज ती वापरली जाते. पण १९७१ च्या ज्या ग्रंथप्रकरणात ती आली, तिथे तिचे आज प्रचलित असलेले रूप एका तळटीपेत होते. गुणांच्या पट्ट्या आणि तुलना यांवर लिहिता लिहिता अँगॉफ यांनी जाता जाता केलेली ती सूचना होती.

१९९६ मध्ये पुढे आलेली 'बुकमार्क' पद्धत याच जातीची. तिच्यात प्रश्न सोप्याकडून कठिणाकडे लावून त्यांची पुस्तिका करतात. परीक्षक ती वाचत जातो आणि काठावरच्या विद्यार्थ्याला उत्तर येण्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या खाली जाते असे वाटेल तिथे खूण ठेवतो. पहिली फेरी झाली की सगळ्यांच्या खुणा एकमेकांना दाखवतात, चर्चा होते, पुन्हा खुणा ठेवल्या जातात. बहुधा शेवटच्या फेरीआधी परीक्षकांना हेही सांगतात की तुमची रेषा धरली तर इतके टक्के विद्यार्थी नापास होतील. तो आकडा पाहून अनेकांची खूण सरकते. ती सरकावी की नाही, यावर या क्षेत्रात आजही वाद आहे. आकडा दाखवला नाही तर परीक्षक हवेत रेषा आखतात. दाखवला तर निकाल किती लागावा याचा विचार निवाड्यात शिरतो.

या रीतीवरचा सर्वांत घणाघाती हल्ला शिक्षणसंशोधक जीन ग्लास यांनी १९७८ मध्ये केला. अशा सगळ्या रेषा मनमानी आहेत, 'किमान पात्रता' नावाची जागा ज्ञानाच्या पट्टीवर मुळात नसतेच, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच क्षेत्रातले जेम्स पॉपम यांचे उत्तर होते की निवाडा माणसाचा आहे म्हणून तो लहरी ठरत नाही. न्यायाधीशाचा निवाडाही माणसाचाच असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि पुढचे सगळे शास्त्र या दोन टोकांच्या मध्येच वाढले आहे.

दुसरी रीत पुराव्याची. आधी परीक्षा दिलेली मुले महाविद्यालयात गेली, त्यांना तिथे कोणत्या श्रेणी मिळाल्या हे गोळा करायचे आणि गुण व यश यांचा आलेख काढायचा. आलेख सांगतो की अमुक गुणांना यशाची शक्यता इतकी. मग हव्या त्या शक्यतेपाशी रेषा ओढायची. सॅटचे ५३० असे आले. एसीटीची पट्टी १ ते ३६ ची. २०१३ च्या सुधारणेनंतर तिच्या रेषा इंग्रजीत १८, गणितात २२, वाचनात २२ आणि विज्ञानात २३ अशा ठरल्या. इथे कसोटी होती 'बी' श्रेणीची ५० टक्के शक्यता. तिथेच 'सी'ची शक्यता साधारण ७५ टक्के येते.

ही रीत पहिलीपेक्षा पक्की वाटते, कारण तिच्यात खरी मुले आणि खरे निकाल आहेत. तरी आलेखाला तुटक अशी जागा कुठेच नसते. तो मंद चढणीसारखा वर जात राहतो आणि ५२० ते ५३० या अंतरात विशेष काही घडत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० फुटांवर आणि धोका पातळी ४५ फुटांवर मानतात. पाणी ४४ फूट ११ इंचांवर असताना काठावरच्या घरांना धोका नसतो असे कोणी समजत नाही. रेषा उपयोगाची असते, कारण तिच्यामुळे वेळेत हालचाल करता येते. नदीच्या स्वभावात मात्र अशी कोणतीही रेषा नसते.

शिवाय ज्या गुणांवर आपण रेषा लावतो ते गुणही थरथरतात. सॅटच्या एका भागाच्या गुणात मोजमापाची चूक साधारण ३० गुणांची धरली जाते. तोच मुलगा, तोच अभ्यास, फक्त परीक्षेचा दिवस दुसरा, एवढ्याने ५३० चे ५१० किंवा ५५० होऊ शकतात. एकाच परीक्षेच्या एकाच आकड्यावर मुलाचे वर्ष ठरवू नये, असे मोजमापाच्या शास्त्राचे जाणकार सांगतात ते म्हणूनच.

आता या रीतीत निवडी कुठे लपलेल्या असतात ते पाहू. २०१६ मध्ये सॅटचे स्वरूप बदलले. त्याआधी परीक्षा २४०० गुणांची होती आणि सज्जतेची रेषा १५५० वर होती. तिची व्याख्याही वेगळी होती : पहिल्या वर्षाची सरासरी 'बी उणे' किंवा अधिक येण्याची शक्यता ६५ टक्के. नवी परीक्षा आली तेव्हा व्याख्या बदलून 'सी' आणि ७५ टक्के झाली, आणि वर्षाच्या सरासरीऐवजी एकेका विषयाचा निकाल धरला गेला. २०१५ मध्ये सुमारे ४२ टक्के परीक्षार्थी रेषेच्या वर होते, २०१७ मध्ये ४६ टक्के. मुले तेवढी हुशार झाली की रेषेचा अर्थ बदलला? परीक्षा, परीक्षार्थी आणि व्याख्या ही तिन्ही एकदम बदलल्यावर या प्रश्नाचे सरळ उत्तर निघत नाही. आकडा वर्तमानपत्रात छापला जातो, व्याख्या छापली जात नाही. म्हणून व्याख्या आधी वाचायची सवय लावून घ्यावी.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे पुराव्यात कोण आहे. महाविद्यालयातल्या श्रेणी फक्त तिथे पोहोचलेल्यांच्याच मिळतात. जे गेलेच नाहीत, ज्यांना घेतले नाही, जे पैशांअभावी परतले, ते आलेखात नाहीत. पुन्हा 'सी' सगळीकडे सारखी नसते. एमआयटीत प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो संगीत शिकणारा का असेना, कॅल्क्युलसची आणि त्यावर उभ्या असलेल्या भौतिकशास्त्राची प्रत्येकी दोन सत्रे पूर्ण करावी लागतात. त्या संस्थेसाठी ५३० ला काही अर्थ नाही. करोनाकाळात थांबवलेली सॅट-एसीटीची अट एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, ती याच गणिताच्या तयारीचे कारण देऊन. सज्जता कोणत्या महाविद्यालयासाठी आणि कोणत्या विषयासाठी, हे सांगितल्याशिवाय तो शब्द अर्धवटच राहतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते एका सरकारी प्रयोगात. अमेरिकेत नेप नावाची राष्ट्रीय चाचणी आहे. तिच्यात कोणाही एका मुलाचा निकाल लागत नाही; देशाच्या शिक्षणाची नाडी पाहण्यासाठी ती नमुन्याने घेतात. तिचे धोरण ठरवणाऱ्या मंडळाने काही वर्षे एक प्रश्न हाताळला : बारावीच्या नेपवरून किती मुले महाविद्यालयासाठी आणि किती व्यवसाय-प्रशिक्षणासाठी तयार आहेत हे सांगता येईल का? तीसहून अधिक अभ्यास झाले. व्यवसायांच्या बाजूने पाच क्षेत्रे निवडली गेली : मोटार दुरुस्ती, संगणक-साहाय्य, वातानुकूलन यंत्रणा, परिचारिका आणि औषधनिर्माण सहायक. त्या त्या क्षेत्रातल्या प्रशिक्षकांना बोलावून नेपच्या प्रश्नांवर काठाच्या उमेदवाराचा अंदाज करायला सांगितले.

२०१३ मध्ये मंडळाने महाविद्यालयीन तयारीच्या रेषा मान्य केल्या : वाचनात ३०२, गणितात १६३. त्या वर्षीच्या बारावीच्या मुलांपैकी वाचनात ३८ टक्के आणि गणितात ३९ टक्के त्या रेषेवर किंवा वर होती. व्यवसायांसाठी मात्र विश्वासाने सांगता येईल अशी रेषा मंडळाला काढता आली नाही. मोटार दुरुस्तीच्या प्रशिक्षकाला जे गणित हवे ते नेपच्या प्रश्नपत्रिकेत फारसे नव्हते, आणि तिच्यात जे होते ते त्याला फारसे लागत नव्हते. चाचणी ज्या कामासाठी घडवलेली नाही त्या कामाची रेषा तिच्यातून निघत नाही, हे कबूल करून मंडळ तिथेच थांबले. परीक्षेच्या जगात असा थांबण्याचा शहाणपणा दुर्मिळ, म्हणून या प्रकरणाची नोंद मुद्दाम केली आहे.

थांबणे कठीण जाते, कारण रेषेला परिणाम चिकटलेले असतात. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने शाळांवर जबाबदारी टाकली : २०१४ पर्यंत सर्व मुले 'प्रवीण' झाली पाहिजेत. पण प्रवीण म्हणजे किती गुण, हे ठरवण्याची मुभा राज्यांकडे राहिली. शिक्षा टाळायची आणि रेषाही आपणच आखायची, हे दोन्ही एका हाती आले की रेषा कुठे सरकते हे सांगायला नको. न्यूयॉर्क राज्यात २००९ मध्ये तिसरी ते आठवीची ८६ टक्के मुले गणितात प्रवीण ठरली होती. पुढच्या वर्षी राज्याने रेषा वर नेली आणि तीच टक्केवारी ६१ वर आली. कारण असे दिले गेले की आठवीत 'प्रवीण' ठरलेली मुले पुढे महाविद्यालयीन गणितात टिकत नाहीत, म्हणून वरच्या यशापासून मागे मोजत येऊन नवी रेषा ठरवली. मुले तीच, शिक्षक तेच. पालकांना मात्र एका उन्हाळ्यात मूल घसरल्याचे कळवले गेले. रेषा आधी खोटी होती हे राज्याने अप्रत्यक्षपणे मान्य केले. त्या खोट्या रेषेवर विसंबून ज्यांनी मदत मागितली नाही, त्यांची वर्षे मात्र परत आली नाहीत.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट वेगळी. तिथे २००३ च्या तुकडीपासून शालान्त प्रमाणपत्रासाठी एमसीएएस ही राज्यपरीक्षा उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. २०१५ मध्ये एका स्वतंत्र संशोधनसंस्थेने ही परीक्षा आणि कॉमन कोअरवर आधारलेली नवी पार्क परीक्षा यांची तुलना केली. महाविद्यालयातल्या श्रेणींचा अंदाज दोन्ही परीक्षा सारख्याच देत होत्या. फरक रेषेत होता : गणितात पार्कची 'सज्ज' रेषा महाविद्यालयीन यशाशी अधिक जुळत होती. याचा अर्थ असा की परीक्षा चांगली असूनही रेषा चुकीच्या जागी असू शकते, आणि परीक्षा न बदलता ती सुधारताही येते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या राज्यातल्या मतदारांनी सार्वमतात शालान्त प्रमाणपत्रासाठीची एमसीएएसची अट रद्दच केली. तज्ज्ञांच्या खोलीत आखलेली रेषा अखेर मतपेटीत गेली. हे योग्य झाले की अयोग्य यावर मतभेद राहतील. पण अशी रेषा हा सार्वजनिक निर्णय आहे, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा मात्र चुकांच्या किमतीत आहे. प्रत्येक रेषा दोन प्रकारे चुकते. ज्याला झेपले नसते त्याला ती आत घेते, आणि ज्याला झेपले असते त्याला बाहेर ठेवते. पहिली चूक दिसते. मुलगा नापास होतो, प्राध्यापक तक्रार करतात, आकडा अहवालात येतो. दुसरी चूक कधीच दिसत नाही, कारण ज्याला संधीच दिली नाही तो उत्तीर्ण झाला असता याचा पुरावा निर्माणच होत नाही. म्हणून रेषा आखणाऱ्यांवर नेहमी एकाच बाजूने दाब येतो : वर न्या, अजून वर न्या.

पूर्वतयारीच्या वर्गांत हेच घडले होते. कम्युनिटी कॉलेजे प्रवेशानंतर ॲक्युप्लेसर किंवा कंपास ही छोटी संगणकीय चाचणी घेत आणि तिच्या रेषेवरून कोणी कुठल्या वर्गात बसायचे हे ठरे. बऱ्याच मुलांना ही चाचणी एवढी निर्णायक आहे हे ठाऊकही नसे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ मध्ये या रेषा तपासल्या. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या अभ्यासात गणिताच्या चाचणीतली सुमारे चारांतली एक आणि इंग्रजीच्या चाचणीतली सुमारे तिनांतली एक निवड गंभीररीत्या चुकलेली आढळली. त्यातल्या बहुसंख्य चुका एकाच दिशेच्या होत्या : जी मुले थेट मुख्य वर्गात तरली असती त्यांना खाली बसवले गेले होते. त्याच केंद्राच्या दुसऱ्या अभ्यासात माध्यमिक शाळेतले चार वर्षांचे गुण या चाचणीपेक्षा अधिक भरवशाचे ठरले. एसीटीने २०१६ मध्ये कंपास बंद केली.

कॅलिफोर्नियात काही महाविद्यालयांत मुख्य गणिताआधी पूर्वतयारीच्या तीन-चार पायऱ्या असत. प्रत्येक पायरीवर थोडी मुले गळत. नापास होऊन जितकी गळत, त्याहून अधिक पुढच्या सत्राला न येऊन. २०१७ मध्ये तिथे एबी ७०५ हा कायदा झाला. त्याने पुराव्याचा भार उलटा केला : मुलाला पूर्वतयारीच्या वर्गात बसवायचे असेल, तर थेट वर्गात त्याला यश मिळण्याची शक्यता फारच कमी आहे हे महाविद्यालयाने दाखवायचे. शाळेतले गुण विचारात घेणे बंधनकारक झाले. २०१९ पासून थेट मुख्य वर्गात बसणाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली आणि वर्षभरात ते गणित पूर्ण करणाऱ्यांचीही. वर्गात नापास होणारेही वाढले, समाजगटांमधले अंतरही मिटले नाही. तरी एकूण हिशेबात अधिक मुले पुढे गेली.

याच राज्यात उलट बाजूचा धडाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये सॅट-एसीटीची अट सोडण्याचे ठरवले आणि पुढे प्रवेशासाठी हे गुण पाहणेच बंद केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या एका कार्यगटाने अहवाल दिला की शाळेच्या पातळीचे गणितही पक्के नसलेल्या नवागतांची संख्या पाच वर्षांत जवळजवळ तीसपट झाली आहे. यातल्या अनेकांचे शाळेतले गणिताचे गुण उत्तम होते. करोनाकाळातल्या बंद शाळा, सैल झालेली गुणदानाची पद्धत आणि परीक्षेचा अभाव, अशी कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. शाळेचे गुण भरवशाचे असतात हे खरे. पण ते भरवशाचे राहतात की नाही हे पाहायलाही बाहेरचे एखादे माप लागते. एका पुराव्याला देव्हाऱ्यात बसवून दुसऱ्याला हद्दपार करण्याची घाई दोन्ही बाजूंनी महागात पडली आहे.

परीक्षेत न मावणारी सज्जताही असते. शिक्षणसंशोधक डेव्हिड कॉन्ली यांनी २००५ पासून सातत्याने मांडले की विषयज्ञान हा तिचा एक भाग. विचार करण्याच्या सवयी, अभ्यास स्वतः चालवण्याची शिस्त आणि महाविद्यालय नावाच्या व्यवस्थेची माहिती हे उरलेले भाग. यातला शेवटचा भाग घरात आधी कोणी शिकलेले नसेल तर सर्वांत कमी असतो, आणि त्याचे गुण कोणतीच परीक्षा देत नाही. दुसरे संशोधक क्लिफर्ड अॅडेलमन यांनी १९९९ मध्ये हजारो विद्यार्थ्यांचा माग काढून दाखवले की पदवी पूर्ण होण्याशी सर्वांत घट्ट नाते शाळेत घेतलेल्या अभ्यासक्रमाच्या कसाचे आहे. ज्या शाळेत वरचे गणित शिकवलेच जात नाही, त्या शाळेतल्या मुलाला रेषेखाली ढकलताना आपण मोजतो कोणाला, मुलाला की शाळेला?

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. पुण्या-मुंबईतली अनेक मुले सॅट देतात आणि न्यू जर्सी-टेक्सासमधल्या मराठी घरांत तिचे गुण जेवणाच्या टेबलावर चर्चिले जातात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे. आपल्या दहावी-बारावीची ३५ गुणांची रेषा पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. ती कोणत्या पुढच्या यशाशी जोडलेली आहे हे कोणी विचारत नाही. नीटची पात्रता पर्सेंटाइलवर ठरते, म्हणजे सज्जतेच्या नावाने आपण क्रमवारीच लावतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासाठीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. रिकाम्या जागा हे खरे कारण असू शकते, पण मग त्या रेषेला पात्रतेची रेषा म्हणू नये. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित-विज्ञानाविषयी एक तरतूद चर्चेत आली : ३५ पेक्षा कमी, पण २० किंवा अधिक गुण असलेल्यांना अकरावीत जाऊ द्यावे, मात्र त्या विषयांच्या शाखा त्यांना खुल्या नसाव्यात. बहुतेक चर्चा 'दर्जा घसरला' या एका वाक्यात आटोपली. खरे तर त्यात विचारण्याजोगा प्रश्न होता : इतिहास किंवा चित्रकला शिकू पाहणाऱ्या मुलासाठी गणिताची रेषा तीच असावी का? आणि वीसच का? या दोन प्रश्नांची उत्तरे पुराव्याने द्यायला आपल्याकडे दहावीचे गुण आणि पुढचे शिक्षण यांची सांगड घालणारी, सर्वांना तपासता येईल अशी आकडेवारी हवी.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने चार प्रश्न हाताशी ठेवावेत. ही रेषा कोणत्या यशाशी जोडलेली आहे? त्या यशाची किती शक्यता पुरेशी मानली आणि ती कोणी मानली? रेषा कोणत्या बाजूने अधिक चुकते आणि ती चूक कोण सोसते? आणि रेषेखाली राहिलेल्यासाठी पुढे काय ठेवले आहे : मदत, दुसरा मार्ग, की फक्त बंद दार? गणित न येणाऱ्यालाही पहिला, तिसरा आणि चौथा प्रश्न विचारता येतात, आणि दुसऱ्याचे उत्तर त्याला समजेल अशा भाषेत देणे हे मंडळाचे काम आहे.

रेषा नकोत, असे म्हणण्यासाठी हे लेखन नाही. रेषा नसते तिथे ओळखपाळख, फी आणि आडनाव रेषेचे काम करतात, आणि त्यांचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. मागणी एवढीच आहे की परीक्षामंडळाने पात्रतेचा प्रत्येक आकडा जाहीर करताना त्याची व्याख्या, त्यामागचा पुरावा आणि त्याच्या चुकीचे प्रमाण त्याच पानावर छापावे, आणि ठरावीक वर्षांनी तो पुन्हा तपासावा. पालकांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ही मागणी आपापल्या मंडळाकडे लेखी करावी.